एका तासाचा ताळा
(दहावीच्या १९९६च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)





या सभागृहात मी याआधी उभी राहिले होते ती नववीत, वक्तृत्व स्पर्धेत. तिसऱ्या परिच्छेदाला भाषण विसरले आणि ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’ म्हणून खाली उतरले. त्यामुळे आज कागद हातात घेऊन आले आहे.

संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘परदेशातील माझी वाटचाल’. मी लिहायला बसले आणि माझ्याच लक्षात आलं की हे भाषण म्हणजे नोकऱ्यांची यादी होतेय. आपल्यातल्या प्रत्येकाने तीस वर्षांत काही ना काही केलंच आहे, त्यात माझी यादी काय वाचायची? म्हणून मी परवानगी घेऊन विषय बदलला. मी खरोखर पायाने चाललेल्या एका वाटेबद्दल आणि तिथे केलेल्या एका चुकीबद्दल बोलणार आहे. ती चूक ज्यांनी आधीच ओळखली असती असे दोघेजण आज समोर बसले आहेत. आपल्या गणिताच्या बाई आणि भूगोलाचे सर.

मी सिएटलजवळ राहते, सॉफ्टवेअरमध्ये काम करते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. तिला मी लहानपणापासून आपल्या समुद्राच्या गोष्टी सांगत आले. शाळेच्या मागचं सुरूचं बन, मधल्या सुट्टीत पुळणीवर पळून जाणं, उधाणाच्या दिवशी धक्क्यावर उडणारं पाणी. गेल्या वर्षी ती एकदम म्हणाली, “आई, तू तुझ्या समुद्राबद्दल एवढं बोलतेस, पण इथल्या समुद्रावर एक रात्र तरी राहिलीयस का?” राहिले नव्हते. मग जुलैमध्ये आम्ही दोघीच निघालो.

जागा निवडली शाय शाय बीच. अमेरिकेच्या नकाशात अगदी वरचा डावा कोपरा, वॉशिंग्टन राज्याचा पॅसिफिक किनारा. ऑलिम्पिक नॅशनल पार्क १९३८ साली झालं, पण हा तुकडा त्यात आला १९७६ साली. तिथे गाडी जात नाही. हॉटेल नाही, शहाळंवाला नाही, फोनला रेंज नाही. जवळपास साडेसहा किलोमीटर चालायचं, त्यातलं अर्धं जंगलातून आणि अर्धं वाळूवरून. तंबू, झोपायच्या पिशव्या, स्टोव्ह, जेवण सगळं पाठीवर. केलेला कचराही पाठीवरच परत आणायचा.

आधी परवाना काढावा लागतो. जेवण ठेवायला एक जाड प्लास्टिकचा बंद डबा बरोबर न्यावाच लागतो. तो अस्वलांसाठी म्हणून ओळखला जातो, पण त्या किनाऱ्यावरचे खरे चोर म्हणजे रॅकून. आपल्याकडच्या मांजरापेक्षा थोडा मोठा प्राणी, हाताची बोटं माणसासारखी चालवतो आणि पिशवीची चेनसुद्धा उघडतो. वास येणारी प्रत्येक वस्तू त्या डब्यात जायला हवी, अगदी टूथपेस्टसुद्धा. माझ्याकडे लसणाची चटणी होती. मुलगी म्हणाली, “हिला डबा नाही, तिजोरी लागेल.”

आणि तिसरी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची, भरती-ओहोटीचा तक्ता. या किनाऱ्यावर जागोजागी डोंगराची नाकं थेट समुद्रात उतरतात. ओहोटीला त्यांच्या पायथ्याने वळसा घालून पलीकडे जाता येतं. भरतीला तोच रस्ता पाण्याखाली असतो. त्यामुळे तिथे फिरण्याचं वेळापत्रक तुम्ही ठरवत नाही, समुद्र ठरवतो.

ही चाल सुरू होते मकाह लोकांच्या जमिनीवरून. हे तिथले मूळ रहिवासी, दर्यावर्दी, रेड सीडरच्या एका अखंड खोडातून होड्या कोरून त्यांतून देवमाशाची शिकार करणारे. नीआ बे हे त्यांचं गाव. तिथून त्यांचा परवानाही घ्यावा लागतो. गावात त्यांचं स्वतःचं संग्रहालय आहे, १९७९ साली उघडलेलं. तिथे आम्ही तासभर थांबलो, आणि बरं झालं थांबलो.

त्याच किनाऱ्यावर दक्षिणेला ओझेट नावाचं त्यांचं जुनं गाव होतं. मकाह घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की पूर्वी तिथे मोठी दरड कोसळली आणि घरं गाडली गेली. १९७० साली वादळी लाटांनी किनारा खरवडला आणि चिखलातून घरं वर आली. पुढे अकरा वर्षं उत्खनन चाललं. पंचावन्न हजारांहून जास्त वस्तू निघाल्या. टोपल्या, पेट्या, गळ, देवमाशाच्या शिकारीची हत्यारं. ओल्या चिखलात हवा पोचली नव्हती, म्हणून लाकूड आणि दोरसुद्धा टिकले होते. आजी सांगायची ती गोष्ट जमिनीने खरी करून दाखवली. मुलगी म्हणाली, “म्हणजे दोन वेगळ्या पद्धतींनी एकच उत्तर आलं.” मी कौतुकाने मान हलवली. हेच वाक्य दुसऱ्या दिवशी माझ्यावरच उलटणार आहे, हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुपारी चालायला लागलो. पहिला भाग लाकडी फळ्यांचा, मग निव्वळ चिखल. आपल्या पावसाळ्यातल्या पाणंदीची आठवण व्हावी असा, बूट ओढून घेणारा. दोन्ही बाजूंना सिटका स्प्रूसची झाडं, खोडांवर शेवाळ, खाली कमरेएवढी नेची. माझ्या पाठीवर चौदा किलो. जंगल संपतं तिथे कड्यावरून खाली उतरायचं, मदतीला दोर बांधलेले. शेवटच्या वळणावर झाडं बाजूला होतात आणि समोर समुद्र.

मी काय सांगू? आपली पुळण मऊ आहे, आपला समुद्र कोमट आहे, माणसाळलेला आहे. हा समुद्र करडा, बर्फासारखा गार. वाळूच्या वरच्या कडेला वाहून आलेल्या ओंडक्यांचा ढीग, एकेक ओंडका एसटीएवढा लांब. सुंदर दिसतात, पण भरतीची लाट ते काडीसारखे उचलते, म्हणून पाण्याजवळच्या ओंडक्यावर बसायचं नाही. आणि दक्षिण टोकाला पॉइंट ऑफ द आर्चेस, समुद्रात दीड-एक किलोमीटर आत गेलेली उंच सुळक्यांची रांग, काहींना मधोमध कमानी.

वाळूवरून चालत त्या टोकाजवळ गेलो, ओंडक्यांच्याही वर, झाडांच्या कडेला तंबू लावला. ओढ्याचं पाणी चहासारखं तपकिरी होतं. जंगलातल्या पाल्याचा अर्क उतरतो, म्हणून तसं दिसतं. ते गाळून घेतलं. मेतकूट-भात केला. सूर्य मावळायला नऊ वाजून गेले. मुलगी म्हणाली, “हे तुझ्या गोष्टींपेक्षा चांगलंय.” मी ते मनावर घेतलं नाही.

आता चुकीकडे येते.

अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळ एक तास पुढे करतात. भरतीचे काही छापील तक्ते मात्र वर्षभर मूळ वेळेतच असतात, त्यात उन्हाळ्यात एक तास आपण मिळवायचा असतो. हे मला माहीत होतं आणि माहीत असल्याचा अभिमानही होता. वेगवेगळ्या देशांच्या वेळा एकमेकींत बदलणं हे माझं रोजचं काम. तक्त्यात ओहोटीची वेळ होती सकाळी ७.१०. मी त्यात एक तास मिळवला आणि वहीत लिहिलं, ८.१०. पण माझ्या तक्त्यात तो तास आधीच मिळवलेला होता. वर बारीक अक्षरांत तसं लिहिलंही होतं. मी वाचलं नाही, कारण मला येत होतं.

आमच्या धंद्यात या चुकीची चेष्टा करतात. एकदा बदललेली वेळ पुन्हा बदलायची. नव्या मुलांना मी याच चुकीवरून बोलत असते.

सकाळी सव्वासातला निघालो. सुळक्यांच्या मुळाशी ओली वाळू उघडी पडली होती. खडकांवर केशरी आणि जांभळे तारामासे, डबक्यांत हिरवी समुद्रफुलं, बोट लावलं की मिटणारी. नाकाला वळसा घालून आम्ही पलीकडच्या लहानशा पुळणीवर पोचलो. आठ वाजले असतील. मुलगी मागे बघून म्हणाली, “आई, आपली पावलं पाण्यात गेली.”

मी म्हटलं, “एखादी मोठी लाट आली असेल. अजून दहा मिनिटं ओहोटीच आहे.”

बाई, सर, ही माझी खरी चूक. आकडा चुकला ती चूक लहान होती. समोर समुद्र सांगत होता, शेजारी मुलगी सांगत होती, आणि मी वहीवर विश्वास ठेवला.

तिथे आम्ही रमलो. दशम्या खाल्ल्या, गरुड पाहिला, मी थोडी झोपलेसुद्धा. अकरा वाजून दहा मिनिटांनी नाकाशी परत आलो. माझ्या हिशेबाने ओहोटीला तीन तास झाले होते. पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. खलाशी त्याचा ढोबळ हिशेब असा करतात: एकूण चढाचे बारा भाग धरायचे. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. त्या दिवशी एकूण चढ होता आठ फूट. तीन तासांत सहा भाग, म्हणजे चार फूट. तेवढ्या पाण्यात तो रस्ता घोटाभर भिजला असता. प्रत्यक्षात चार तास झाले होते. नऊ भाग, सहा फूट. नेमका सगळ्यात जोराचा तास मी गमावला होता. जिथून चालत आलो तिथे माझ्या मांडीएवढं पाणी होतं, लाट आली की छातीपर्यंत, आणि लाट परतताना खडकांमधून ओढ.

मुलगी म्हणाली, “थोडंसंच अंतर आहे, हात धरून पटकन जाऊ.” जाऊ शकलो असतो कदाचित. आणि मी कबूल करते, माझा एक पाय पुढे गेला होता. मला पाण्याची भीती वाटत नव्हती, लाज वाटत होती. पलीकडे गेलो असतो तर काही झालंच नाही, असं म्हणता आलं असतं. थांबायचं तर तिला सांगावं लागणार होतं की मी चुकले.

मग एक ओंडका आला. फार मोठा नव्हता. त्याच फटीत एका लाटेने तो खडकावर आपटला आणि पुढच्या लाटेने बाहेर ओढून नेला. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी तिला मागे घेतलं आणि म्हटलं, “आपण थांबतोय. हिशेब माझा चुकलाय.”

ती घाबरली, चिडली, मग भुकेली झाली. आमच्याकडे दीड लिटर पाणी, शेंगदाण्याची चिक्की आणि पावसाची जाकिटं होती. पुळणीच्या वरच्या कडेला, ओंडक्यांच्या रेषेच्याही वर, झाडाखाली आम्ही बसलो. मी तक्ता पुन्हा काढला, ती बारीक अक्षरं वाचली आणि तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती बोलेल. ती म्हणाली, “पण आत्ता तू बरोबर आहेस हे कशावरून?”

योग्य प्रश्न होता. ती उठली आणि पाण्याच्या कडेला एक दगड ठेवून आली. पंधरा मिनिटांनी वर दुसरा. मग तिसरा. माझ्या जुन्या हिशेबाने भरती २.२० ला पूर्ण व्हायला हवी होती, नव्या हिशेबाने १.२० ला. आम्ही दोघी घड्याळ धरून बसलो. एकच्या सुमाराला दगडांमधलं अंतर कमी झालं. सव्वा ते दीडमध्ये पाणी एका दगडाशी थबकून राहिलं. पावणेदोनला तो दगड कोरडा पडला होता. मुलगी म्हणाली, “तक्ता बरोबर होता, आई. तूच चुकलीस.”

इतका आनंद मला स्वतःच्या चुकीचा कधी झाला नव्हता.

पुढे साडेचार तास थांबलो. तिथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. संध्याकाळची ओहोटी सकाळइतकी खोल जाणार नव्हती, त्यामुळे घाई करून चालणार नव्हतं. त्या वेळात मी तिला आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत कधी सांगितली नव्हती. काकांची होडी होती. त्यांच्याकडे तक्ता नव्हता, कालनिर्णय होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. तुमच्यापैकी कितीतरी जणांना हे घरूनच माहीत असेल. आपल्या किनाऱ्यापुरता ढोबळ हिशेब, पण चालतो. मुलीने लगेच विचारलं, इथे चालेल का? नाही चालणार, कारण चंद्र माथ्यावर आल्यावर किती वेळाने पाणी चढतं ते प्रत्येक किनाऱ्याचं वेगळं असतं. पण मला आठवलं ते दुसरंच. पाऊणपट तोंडपाठ असलेले काका होडी लोटण्याआधी दर वेळी धक्क्याच्या दगडावरची ओली रेघ बघायचे. दोन मिनिटं नुसते बघत उभे राहायचे. लहानपणी मला वाटायचं, काका विडी संपवतायत.

ते ताळा करत होते.

बाई, आठवीत तुम्ही माझा अर्धा गुण कापला होता. समीकरण बरोबर, उत्तर बरोबर, पण ताळा लिहिला नव्हता. मी तुमच्याशी भांडले होते, की उत्तर बरोबर असताना ताळा कशाला? तुम्ही म्हणालात, उत्तर बरोबर आहे हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, मला माहीत आहे. तुम्ही नुसत्या हसलात आणि पुढची वही घेतलीत. मला ते हसू जवळपास बत्तीस वर्षांनी कळलं, एका परक्या समुद्रावर, चिक्कीचा शेवटचा तुकडा मुलीला देताना. सकाळी सव्वासातला मी एक दगड पाण्याच्या कडेला ठेवला असता आणि पंधरा मिनिटं उभी राहिले असते, तर पाणी उतरतंय की चढतंय ते तिथेच कळलं असतं. एका दगडाचं काम होतं.

सव्वासहाला घोटाभर पाण्यातून आम्ही नाक ओलांडलं. तंबू होता तसाच होता. डब्याभोवती वाळूत इवल्या हातांचे ठसे होते. रॅकून येऊन चटणीचा वास घेऊन, निराश होऊन गेले होते. त्या रात्री मुलगी झोपताना म्हणाली, “तू मला पाण्यात नेलं नाहीस ते बरं केलंस.” मग थोड्या वेळाने, “पण पावलं मी आधी पाहिली होती.” पाहिलीच होती.

घरी आल्यावर मी एक सवय लावून घेतली आहे. माझ्या हाताखालच्या मुलांपैकी कोणी काही दाखवलं की मी विचारते, हे दुसऱ्या कशाशी ताडून पाहिलं का? आणि सगळ्यात नवीन मुलगा किंवा मुलगी जेव्हा म्हणते की काहीतरी वेगळं दिसतंय, तेव्हा मी वही मिटते आणि आधी तिकडे जाऊन बघते. दहापैकी नऊ वेळा ती मोठी लाटच असते. दहाव्या वेळेसाठी जायचं.

एवढंच सांगायचं होतं. सर, तुम्ही आम्हाला पुळणीवर नेऊन भरतीची रेघ दाखवली होती, तेव्हा आम्ही कालवं वेचत होतो. उशिरा का होईना, धडा पोचला. आणि बाई, त्या अर्ध्या गुणाबद्दलची माझी तक्रार मी आज सर्वांसमक्ष मागे घेते.

मला पंधरा मिनिटं दिली होती. ती संपत आली आहेत. माझ्या फोनने वेळ आपोआप भारतीय करून घेतली आहे, पण बोलायला उभी राहताना मी ती समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. बरोबर आहे.